बोकडाला नाव ठेवत नाहीत: दक्षिण सोलापुरातले पाच दिवस

शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४

पुण्याहून सोलापूरला जायला मला हुतात्मा एक्स्प्रेससारखी सोयीची गाडी नाही. संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर स्टेशन गाठायचं, डब्यातली पोळीभाजी दौंड यायच्या आत संपवायची, आणि रात्री जेवणाची भांडी घासून झालेली असतात तेवढ्यात आत्याच्या दारात. यंदा नवऱ्याला वर्षअखेरीची कामं होती, म्हणून मी आणि निहार दोघंच. निहार दहा वर्षांचा आहे आणि प्राण्यांबद्दलचं त्याचं सगळं ज्ञान मोबाइलमधून आलेलं आहे. चित्ता ताशी किती वेगानं धावतो ते त्याला पाठ आहे. गाभण म्हणजे काय, हे त्यानं मला भिगवणच्या आसपास विचारलं.

गाडीचं नाव असं का, हेही विचारलं. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला होता, आणि पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं, एवढं मी सांगितलं. "येरवडा म्हणजे आपल्या येरवड्यात?" म्हणून तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर काळोख होता.

स्टेशनवर दादा छोटा हत्ती घेऊन आला होता. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. मागं सरकी पेंडीची पोती, पुढं आम्ही तिघं दाटीवाटीनं. अक्कलकोट रस्त्यानं कुंभारी लागली तसा दादानं अंधारातच हात केला. "हितं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं हायत. २००६ ला मनमोहनसिंग आल्ते चाव्या द्यायला. मी बघायला गेल्तो सायकलवर." मनमोहनसिंग आदल्याच रात्री गेले होते. पुढं वळसंगपर्यंत कुणी काही बोललं नाही, मग दादानंच विषय बदलला: "सोमवारी चाळीस माणूस हाय जेवायला. आईनं पन्नासचं सांगून ठिवलंय."

सोमवारी येळवस. पंचांगात दर्श वेळ अमावास्या असं काहीतरी असतं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत हा सण कुणाला माहीत नाही, आणि आत्याच्या घरी दिवाळी एक वेळ साधी झाली तरी चालते, येळवस नाही.

वस्तीवर पोचलो तर पिंट्यानं आधी निहारचा बूट हुंगला, मग पेंडीचं पोतं. बूट नापसंत झाला. आत्या जागी होती. "आलीस का गं बाय? पोरगं वाळलंय की." हे ती त्याच्या जन्मापासून म्हणते.

शनिवार, २८ डिसेंबर

पहाटे पाचला जाग आली ती इंग्रजी कॉमेंट्रीनं. गोठ्यातल्या खुंटीला मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, रेडिओ अडकवला होता आणि खाली बसून ते म्हशीची धार काढत होते. मेलबर्नला कसोटी सुरू होती. इंग्रजी किती कळतं, असं मी मामांना एकदाच विचारलं होतं, खूप वर्षांपूर्वी. "आउट झालेलं ओरडण्यावरनं कळतंय की," म्हणाले.

म्हैस पंढरपुरी. ही जात ज्यानं पाहिली नाही त्याला शिंगांचा अंदाज सांगून येत नाही. तलवारीसारखी मागं, खांद्याच्याही पलीकडं गेलेली. हिच्या कपाळावर पांढरा पट्टा आहे म्हणून ती चांदी. चांदीनं मान वळवली की मागं उभ्या माणसानं आपोआप दोन पावलं सरकायचं, हे घरातल्या सगळ्यांना अंगवळणी पडलंय. वहिनी तर हातात शेणाची पाटी असतानाही न बघता सरकतात. निहारला ते माहीत नव्हतं. त्याच्या स्वेटरची बाही शिंगात अडकली, मामांनी शांतपणे सोडवली आणि पुन्हा धारेला बसले. "तिला काय म्हायती तुझं स्वेटर नवं हाय."

साडेसहाला दादा किटली घेऊन डेअरीवर गेला आणि निहारचा ताबा श्रावणीनं घेतला. श्रावणी दादाची मुलगी, वय आठ. तिनं त्याला सगळी वस्ती फिरवून आणली, मी चहाचा कप घेऊन मागं मागं.

"हे हौशा आन हे नवशा." खिल्लार बैलजोडी. पांढरीशुभ्र, अंगानं चपळ, आणि चेहऱ्यावर सदा कुणीतरी अपमान केल्यासारखा भाव. पाळीला, पेरणीला आता ट्रॅक्टर येतो. जोडीला वर्षभर कडबा घालायचा कशाला, यावर दादा आणि मामा यांचं दर वर्षी एकदा भांडण होतं आणि दर वर्षी मामा जिंकतात. शेजारी बांधलेलं खोंड ते गवशा.

"ही चांदी. हे चांदीचं रेडकू, हिचं नाव छबी. ह्या कोंबड्या, ह्यांना नाव नस्तंय. मांजराला पण नाव न्हाई, ते येतंय आन जातंय. ही शेळी मैना, ही तिची आई काळी, ही बुगडी."

शेळ्या उस्मानाबादी, काळ्याभोर. बुगडीच्या पायात तीन करडं घुटमळत होती. त्यातल्या एकाच्या डाव्या कानावर पांढरा ठिपका होता. ते दोनचार पावलं आखूड आखूड टाकायचं, थबकायचं आणि एकदम चारी पाय उचलून उडी मारायचं.

"यांची नावं काय?"

"बोकडं हायत," श्रावणी म्हणाली. "बोकडाला नाव ठिवत न्हाईत."

"का?"

श्रावणीनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पुन्हा विचारलं नाही. मला विचारलं, रात्री. ते पुढं येईल.

दुपारी दादाचे सोलापुरातले दोन मित्र बायकापोरांसह हुरड्याला आले. हुरड्याचं आता सगळीकडं पॅकेज झालंय, माणशी अमुक रुपये, उंटावरची चक्कर मोफत. आत्याकडं उंट नाही. बांधाच्या कडेला खड्डा, खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, ती आगटी. भोवतीनं पोती अंथरलेली. शाळूची कणसं दाण्यात दूध घट्ट व्हायला लागलं की काढायची. चार दिवस आधी काढली तर पाणी, चार दिवस उशीर झाला तर दाताला काम. हुरड्यासाठी आत्या चार ओळी सुरतीच्या लावते. बाकीचं रान मालदांडीचं, ते भाकरीचं, त्याला हात लावायचा नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी मोठ्या उत्साहानं आत्याला फोन करून सांगितलं होतं. "मग हामची काय कमी हाय व्हय?" एवढंच उत्तर आलं होतं.

कणसं आरात खुपसायची, फिरवायची, काढून तळहातावर चोळायची. चोळायला मामा. त्यांच्या हाताला चटका लागत नाही, की लागलेला कळत नाही, कोण जाणे. फुंकर मारून कोंडा उडवला की हिरवे मऊ दाणे, वाफ निघत असलेले. वर शेंगाची चटणी. ती खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली, मिक्सरमधली आत्या ओळखते आणि बाजूला सारते. सोबत दह्याची वाटी, गूळ, आणि हरभऱ्याचे डहाळे. बोलणं जवळपास बंद होतं हुरडा खाताना.

त्या शांततेत रेडिओ होता. नितीशकुमार रेड्डी ९९ वर आला आणि आगटीभोवती सगळ्यांनीच हात थांबवले. अशा वेळी समोरून बुमराह शून्यावर बाद. मामांनी हातातलं कणीस आगटीत परत फेकलं. "बोलिंग कसली टाकतंय, आन बॅट हातात दिली की..." पुढचं श्रावणी ऐकत होती म्हणून गिळलं. नेमकं त्याच वेळी कानावर ठिपका असलेलं ते करडू दावं सोडवून आलं, आखूड आखूड पावलं टाकत, थबकलं, आणि उडी मारून थेट दह्याच्या पातेल्यात.

"बुमराह!" निहार ओरडला.

मित्रमंडळी हसून लोळली. सिराजनं कसेबसे तीन चेंडू काढले, रेड्डीनं चौकार मारून शंभर केले, मामांनी नवीन कणीस घेतलं. करडाचे पाय आत्यानं पदरानं पुसले. हसली नाही ती.

रात्री अंथरुणात निहारनं विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. शेळी दुधाला आणि वेताला ठेवतात, बोकड विकतात. तीनचार महिन्यांचं झालं की व्यापारी येतो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मी आता ठेवलं ना नाव."

रविवार, २९ डिसेंबर

बाजाराचा दिवस. वहिनींची यादी, आत्याची यादी, आणि त्या दोन याद्या एकमेकींना न दाखवता मी पार पाडायच्या. आधी सिद्धेश्वराचं दर्शन. तळ्याच्या मधोमध देऊळ, पाण्यावर सकाळचं धुकं, काठावर भुईकोटाची भिंत. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेची तयारी सुरू व्हायची होती. सिद्धरामेश्वराच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, संक्रांतीच्या वेळी सात उंच नंदीध्वज खांद्यावर पेलत निघालेली मिरवणूक, हे सगळं निहारला मी सांगत होते आणि तो विचारत होता की नंदीला नाव असतं का. नंदी हेच नाव, म्हणाले. त्याला पटलं नाही.

नव्या पेठेत चादरी घेतल्या. दुकानदार जुने, तेलुगू वळणाचं मराठी बोलणारे पद्मशाली गृहस्थ. घरी माग होते म्हणाले, आता पोरं टॉवेल विणतात, चादरीला गिऱ्हाईक फक्त पाव्हणं. हे ऐकून मी एकाच्या जागी तीन घेतल्या. त्यांना धंदा येतो.

गावी परतताना मामांचा फोन: बुमराहच्या दोनशे विकेटी झाल्या, हेडला काढलं. निहारनं तो निरोप पोचल्या पोचल्या करडाला सांगितला.

संध्याकाळी भाजी निवडायला बसलो. येळवसीची भज्जी म्हणजे कुणी कांद्याभज्यासारखं समजेल तर फसेल. हिवाळ्यात रानात जे जे हिरवं आहे ते सगळं एका पातेल्यात: तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे सोले, शेंगदाणे, मेथी, चाकवत, कांद्याची पात, गाजर, बोरंसुद्धा. चिंचेचा कोळ, हिरवी मिरची, आणि बेसन लावून घट्ट. आम्ही तिघी तीन तास निवडत होतो. मधेच आत्या उंड्याचं बाजरीचं पीठ चाळायला उठून गेली, तेवढ्यात वहिनींनी हळूच सांगितलं.

आत्याची एक वही आहे, ती मला माहीत होती. मागल्या वर्षीच्या डायरीत या वर्षीचा हिशोब. दूध किती लिटर, फॅट किती लागला, अंडी किती गेली, पेंड कितीची, पिंट्याच्या सुईचे किती. चाळीस वर्षं ती हे लिहितेय, आणि बँकेतल्या माणसापेक्षा तिचा आकडा बरोबर येतो. २०२२ साली जनावरांत लम्पीची साथ आली तेव्हा तिची खिल्लार गाय गेली. कपिली. आठ दिवस आत्या गोठ्यात झोपली होती, अंगावरच्या गाठी कडुलिंबाच्या पाण्यानं शेकत. पुढं सरकारी भरपाई आली, दुभत्या जनावराचे तीस हजार.

"तेवढे सोडून सगळं लिहिलंय वहीत," वहिनी म्हणाल्या. "मी पानं उलटून बघितली. तीस हजार कुठंच न्हाईत. आन इचारायची सोय न्हाई."

आत्या पीठ घेऊन आली. "काय कुजबूज चाललीय? वालाच्या शिरा काढल्या का नीट?"

सोमवार, ३० डिसेंबर

घराला कुलूप. गावातल्या प्रत्येक घराला कुलूप. सकाळी आठपासून रस्त्यानं बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, आणि प्रत्येक वाहनावर एखादी तरी बाई मांडीत पातेलं घट्ट धरून. गावात कर्फ्यू लागावा तसा शुकशुकाट आणि शिवारभर जत्रा. आम्ही मुळात वस्तीवरच राहत असल्यामुळं आमचा प्रवास शंभर पावलांचा होता, तरी मामांनी हौशा-नवशाला गाडीला जुंपलंच. पातेली गाडीत, पोरं गाडीत, पिंट्या गाडीखाली सावलीत.

शाळूच्या कडेला मामांनी आदल्या दिवशी कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली होती, तोंड पूर्वेला. आत पाच धोंडे चुन्यानं रंगवून मांडलेले, ते पांडव. वरून आत्याची लग्नातली शाल पांघरलेली. समोर भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, शेंगापोळी, दहीभात, आणि मातीच्या बिंदग्यात आंबील. आंबील म्हणजे आंबट ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ, लसणाची चरचरीत चव असलेलं. ते पोटात गेल्यावर दुपारी कुठल्याही झाडाखाली झोप येते. झोप येण्यासाठीच ते असावं असा माझा अंदाज आहे.

बांधापलीकडचे शिवप्पाकाका आले, खांद्यावर घोंगडं. त्यांच्या घरी कानडी, शेतात मराठी, बैलांशी दोन्ही. येळवस शब्द कुठून आला यावर त्यांचा आणि आत्याचा वाद मी लहानपणापासून ऐकतेय. आत्या म्हणते येळु म्हणजे सात. ज्येष्ठापासून मोजा, सातवी अमावास्या येते. काका म्हणतात एळ्ळु म्हणजे तीळ, तिळाचा हंगाम म्हणून. यंदाही दोघांनी आपापलं मत मांडलं, दोघांनाही नवं काही सुचलं नाही, आणि पूजा सुरू झाली.

म्हणजे व्हायची होती. आत्यानं नैवेद्याचं ताट कोपीपुढं ठेवलं, उदबत्ती लावायला मागं वळली, आणि "अगं आई!" असा श्रावणीचा आवाज आला. बुमराह कोपीच्या आत. मागून दोन पेंढ्यांमधून शिरला होता. भीम आणि अर्जुन यांच्या मधोमध उभा राहून शेंगापोळी खात होता.

क्षणभर कुणालाच काय करावं सुचेना. निहार तर पांढराच पडला, कारण दावं त्यानंच सोडलं होतं, "त्याला पण सण बघू दे" म्हणून. चाळिसांतले वीसेक पाहुणे आले होते, सगळे आत्याच्या तोंडाकडं बघायला लागले.

"पांडवांच्या आधी जेवलं," आत्या म्हणाली.

"सहावा पांडव म्हणायचं," दादाचा एक मित्र.

"सहावा म्हंजे कर्ण की ओ," शिवप्पाकाका. "थोरला. त्याचा मान आधीच."

मग हशा झाला. आत्यानं ताट बदललं, करडाला काखेत मारलं आणि निहारकडं दिलं. "धर. आन ते ठिपक्याचं हाय, तिसऱ्या वेताचं, बुगडीचं थोरलं. त्याला दातात काय घावलं की सोडत न्हाई. दावं दोन पदरी बांधत जा." त्यानं मला बाजूला येऊन विचारलं, "हे सगळं म्हणण्यापेक्षा नाव घेणं सोपं नाही का?" मला उत्तर सुचलं नाही.

चर शिंपायला मामा पुढं निघाले. डोक्यावर घोंगडं, घोंगड्यावर आंबिलीचा बिंदगा. मागं दादा, हातात कडुलिंबाचा डहाळा, आंबील पिकावर शिंपडत. "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" त्या ओळीचा अर्थ मला आजवर कुणी सांगितलेला नाही आणि ती ओरडताना अर्थाची गरजही पडत नाही. पूर्ण रानाला फेरा, शेजारच्या रानातून तीच आरोळी, त्याच्या पलीकडून तीच. निहारचा आवाज सगळ्यांत वर. बुमराह त्याच्या मागं, दोन पदरी दाव्यात.

फेरा संपून मामा आले तर रेडिओवर चहापान, तीन बाद ११२. सामना अनिर्णित राहणार म्हणून मामा खुशीत जेवायला बसले. पंगती बांधावर, बाभळीच्या सावलीत. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून बसवायची पद्धत आहे. रस्त्यानं चाललेला मोबाइल टॉवरचा एक कामगार दोनदा नको नको म्हणाला आणि तीन उंडे खाऊन गेला. दुसऱ्या पंगतीपर्यंत भारत १५५ वर सर्वबाद, १८४ धावांनी हार. मामांनी रेडिओ बंद केला आणि कोपीच्या मागं ठेवून दिला.

"सणाच्या दिवशी असं खेळतंय व्हय कुणी," म्हणाले. खीर मात्र पुन्हा मागितली.

दुपारनंतर लोक खरोखरच झाडाखाली झोपले. वहिनी माहेरच्या बायकांशी बोलत बसल्या, वर्षातून एकदा बसतात तशा, हात रिकामे ठेवून. पिंट्यानं उंडे पळवले, किती ते मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. अंधार पडताना मामांनी गवताचा हेंडगा पेटवला आणि पिकाच्या कडेनं फिरवला. लांबवर, जिथं दिवसा नुसता काळा पट्टा दिसतो तिथं, एकेक ठिणगी फिरताना दिसत होती.

थंडी चांगलीच पडली. मी नवी चादर काढली पुण्याला न्यायची म्हणून घडी न मोडता, आणि सकाळी पाहिलं तर ती माझ्या अंगावर नव्हती.

मंगळवार, ३१ डिसेंबर

चादर गोठ्यात होती. आत्यानं रात्री बुगडीच्या करडांवर टाकली होती. "जुनी घावली न्हाई अंधारात," म्हणाली. जुन्या चादरींची चवड गोठ्याच्या दारातच असते, वर्षानुवर्षं. मी काही बोलले नाही. एकाच्या जागी तीन घेतल्या होत्या ते बरं झालं.

नऊच्या सुमाराला व्यापारी आले. दाढी पांढरी, मोटारसायकलला मागं जाळीचा पिंजरा. त्यांना सगळी वस्ती चाचा म्हणते, आणि ते गेली वीस वर्षं इथंच चहा पितात. निहार मैनेच्या मागं जाऊन उभा राहिला. मी त्याला घरात चल म्हटलं, तो आला नाही.

चाचांनी एकेक करडू दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. वजनकाट्याचं काम त्यांचे खांदे करतात. पहिलं, दुसरं. आत्यानं भाव सांगितला, चाचांनी आकाशाकडं बघितलं, आत्यानं चहा पुढं केला, असं दोनदा झालं आणि ठरलं. मग त्यांनी ठिपक्याचं उचललं. ते त्यांच्या शर्टाची गुंडी चावायला लागलं.

"हे जोरदार हाय," चाचा म्हणाले. "ह्येचं थोडं वर देतो."

"ते न्हाई द्यायचं."

मामा दावं वळत होते, त्यांचे हात थांबले. वहिनी चुलीपाशी होत्या, त्यांनीही मान वर केली.

"का ओ आक्का?"

"ईदला ठिवायचं. कुठं खोट न्हाई अंगात, कान बघा, शिंगं बघा. पैसं चांगलं येतील."

"जूनात ईद हाय," चाचा म्हणाले. "तवा हे वर्षाचं भरत न्हाई. दोन दात येत न्हाईत. कुर्बानीला चालत न्हाई."

"मग त्याच्या पुढल्या ईदला."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. दीड वर्ष एका बोकडाला खाऊ घालायचं म्हणजे किती पेंड, किती पाला, हा हिशोब त्यांना आत्याइतकाच येत होता. आत्याकडं बघितलं, मग मैनेच्या मागच्या पोराकडं बघितलं, आणि म्हणाले, "बराबर हाय. त्या ईदला भाव येईल." दोन करडं पिंजऱ्यात गेली. बुगडी मोटारसायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ओरडत होती, आणि नंतरही. निहार रडला. मी त्याला थांबवलं नाही. श्रावणी त्याच्याशेजारी बसून राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "दोन दिवस वरडती. मग खाती."

मी पिशव्या भरत होते तेव्हा आत्या श्रावणीला वही लिहायला सांगत होती. चष्म्याचा नंबर वाढलाय, बारीक दिसत नाही. "लिही, करडं दोन, चाचा." पैसे सांगितले. "शिल्लक?" श्रावणीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लिहिलं. आत्यानं वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. पेन मागून घेतलं आणि एक शब्द खोडला. त्याच्यावर स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं: काळं, डावा कान ठिपका, बुगडी, तिसरं वेत.

दुपारच्या गाडीला दादानं सोडलं. सोबत कडक भाकरीची चवड, शेंगाचटणी दोन किलो, ओल्या तुरीच्या शेंगा, आणि चादरी दोन. कुर्डुवाडी गेल्यावर निहारनं कडक भाकरी फोडून दह्यात घातली आणि न बोलता खाल्ली. गाडीत नववर्षाचे मेसेज वाजत होते सगळ्यांचे.

संक्रांतीला आत्याला फोन केला, तिळगूळ घ्या म्हणायला. गड्ड्याला गेली नव्हती, गुडघा दुखतोय. चांदी आटायला आली, थंडी कमी झाली, शाळू काढायला माणूस मिळेना. निहार माझ्या हातातून फोन ओढत होता. शेवटी दिला.

"आत्याआजी, बुमराह कसा आहे?"

पलीकडून भांड्यांचा आवाज, पिंट्याचं भुंकणं.

"कोण रे?"

"आपला बुमराह."

"आमच्याकडं असलं कोण न्हाई बाबा." मग थोडं थांबून: "ते ठिपक्याचं, तिसऱ्या वेताचं, बुगडीचं थोरलं, ते हाय की. काल माझी काठी खाल्ली त्यानं. आता पण हितंच हाय, पदर ओढालंय."

"तोच!"

"हां," आत्या म्हणाली, "तेच."